दिवसातून एकदा

वाशी-नेरूळ-खारघरच्या हॉलमध्ये गाद्या सरकवून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांना पुस्तकातल्या शक्ती लवकरच अपुऱ्या वाटू लागतात आणि मग पात्रांसाठी घरच्या घरी नव्या शक्ती रचणं सुरू होतं. या होमब्रूला नाक मुरडायचं कारण नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली छापून आला, तोच मुळी आर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ मोहिमेतल्या पदरच्या नियमांवर उभा राहून. जानेवारी २०२३मध्ये खेळाचे नियम वापरण्याच्या परवान्यावरून गदारोळ झाला आणि खेळाची प्रकाशक कंपनी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने पाचव्या आवृत्तीचे पायाभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. आता श्रेय देऊन त्यांवर कुणीही पुस्तक काढू शकतं. मुभा आहे, हौस आहे. हात अजून बसलेला नाही.

नवख्याची नजर आधी जाते ती डॅमेजवर. मोजपट्टी म्हणून तो हमखास ‘फायरबॉल’ घेतो आणि तिथेच फसतो. २०१४च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये नवे स्पेल बनवणाऱ्यांसाठी एक तक्ता आहे. एकाच वेळी अनेकांना लागणाऱ्या तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला त्यात सहा पैलूंचे सहा फासे दिलेत. फायरबॉल मात्र आठ फेकतो. सरासरी २१ कुठे आणि २८ कुठे! लाडक्या लेकराच्या ताटात कंपनीने मुद्दाम जास्त वाढलंय. ते बघून आपलं पान वाढायचं नसतं.

ही चूक निदान दिसते तरी. न दिसणारी चूक ‘दिवसातून एकदा’ या निरुपद्रवी शब्दांत दडलेली असते. त्याच पुस्तकाचा हिशेब असा, की पात्रांच्या एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी झेपाव्यात, मध्ये छोट्या विश्रांती आणि शेवटी आठ तासांची मोठी. म्हणजे ‘दिवसातून एकदा’ याचा अर्थ सहा-आठ चकमकींत एकदा. आपल्याकडे एक जण पनवेलहून येणार, दुसरा ठाण्याहून, त्यात रविवार म्हणजे हार्बरवर मेगाब्लॉक. सगळे जमून, चहा होऊन, मागच्या वेळी काय झालं होतं ते आठवेपर्यंत हातात तीन तास उरतात. त्यात एक लढाई होते आणि ती संपली रे संपली की पात्रं तंबू ठोकून झोपी जातात. मग ती शक्ती दर लढाईला हजर! ज्या योद्ध्याची सारी मदार कधीच न संपणाऱ्या साध्या वारांवर असते, तो बिचारा बघत राहतो. दोष लागतो शक्ती रचणाऱ्याच्या हावरटपणाला. खरं तर त्याने पुस्तकाबरहुकूमच लिहिलेलं असतं. आपल्या टेबलासाठी ‘तीन लढायांत एकदा’ असं सरळ लिहावं. रुबाबदार दिसत नाही, म्हणून लिहिलं जात नाही, एवढंच.

दुसरं दुखणं नावापुरत्या मराठीपणाचं. खेळातल्या बार्डला, म्हणजे गाण्यातून जादू करणाऱ्या पात्राला, गोंधळी म्हटलं, कमरेला संबळ बांधलं, झालं! नियम जुनेच, पाटी तेवढी नवी. याहून बरा प्रयत्न कसा असतो, आणि तोही कुठे घसरतो, हे बघण्यासारखं आहे. समजा, ठाण्याच्या खाडीतल्या कोळ्यासाठी ‘भरती-ओहोटी’ अशी शक्ती रचली. आधी तीन फेऱ्या भरती : साथीदारांना अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे वीस पैलूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. मग तीन फेऱ्या ओहोटी : तोच लाभ शत्रूंना. वरवर फिट्टंफाट. अ‍ॅडव्हांटेजचा भाव मात्र जागेप्रमाणे बदलतो. ११ किंवा अधिक हवे असतील तर यशाची शक्यता ५० टक्क्यांवरून ७५वर जाते. २०च हवे असतील तर पाचावरून जेमतेम पावणेदहावर. सर्वसाधारण शत्रूपुढे फासा मधल्या पट्ट्यातच खेळतो, तेव्हा सगळ्या टोळीला मिळणारा हा लाभ चांगलाच घसघशीत आहे. आणि त्याची किंमत? बहुतेक लढाया तीन-चार फेऱ्यांत निकालात निघतात. ओहोटी लागेपर्यंत शत्रू उरलेलाच नसतो, उधारी बुडीत खाती. क्रम उलटा करा : आधी ओहोटी सोसा, टिकलात तर भरती तुमची. एकही आकडा न बदलता शक्ती ताळ्यावर येते. शिवाय, होडी लोटायला पाणी चढायची वाट खऱ्या कोळ्यालाही बघावीच लागते.

लढाईबाहेरच्या शक्तींकडे तर कुणी फारसं फिरकत नाही, आणि फिरकलं तर २०१४च्या नियमांतल्या रेंजर या रानवाटा जाणणाऱ्या पात्राचा कित्ता गिरवतं. आवडत्या प्रदेशात त्याची टोळी, जादूचा अपवाद सोडला तर, वाट चुकतच नाही. ही शक्ती भारी नाही, कंटाळवाणी आहे. वाट चुकण्यातली सगळी गंमतच ती खेळातून काढून टाकते. खारफुटीतल्या वाटाड्याला हीच चिकटवली, तर गुडघाभर गाळाचा अख्खा प्रसंग एका वाक्यात उरकतो. त्यापेक्षा त्याला गाळात उतरण्यापूर्वी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरला, एकच प्रश्न विचारू द्यावा : पाणी किती वेळात चढेल? डीएमने खरं तेच सांगायचं. गाळ ज्याने त्याने तुडवायचा.