मेडोज टेलरची ‘तारा’ आणि इ. स. १६५७ चा प्रश्न

कर्नल फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६) हा व्हिक्टोरिया राणीच्या काळांतील लोकप्रिय कादंबरीकार. लिव्हरपूल येथें जन्मलेला हा मुलगा १८२४ सालीं मुंबईस आला व पुढें निजामाच्या चाकरींत शिरला. शोरापूर येथें असतां त्यानें प्राचीन शिलावर्तुळांची व थडग्यांची पाहणी केली. १८५३ नंतर नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्याच्याकडे आला.

१८३९ सालच्या ‘कन्फेशन्स ऑफ ए ठग’ या कादंबरीनें त्याचें नांव झालें. तींत खून करणारा स्वतःच बोलतो. वाटसरूस ठगांची सोबत आधाराची वाटते. वाचकास मात्र रुमाल आधींच दिसत असतो. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या टेलरनें स्वतः ऐकल्या होत्या, म्हणून कथन खरें वाटतें. तरी अमीर अलीच्या तोंडचा ७१९ खुनांचा आंकडा पुरावा म्हणून कोणी पुढें करूं नये.

‘तारा’ (१८६३) वाचतांना हीच सावधगिरी अधिक हवी, कारण तिचा विषय खुद्द शिवकाल आहे. तुळजापूर हें टेलरच्याच जिल्ह्यांतलें. तेथील देवस्थानाचें व परिसराचें वर्णन त्यानें पाहून लिहिलें आहे, व एकोणिसाव्या शतकाची साक्ष म्हणून तें मोलाचें आहे. सनाची गोष्ट निराळी. टेलरनें शंभर शंभर वर्षांच्या अंतरानें तीन कादंबऱ्यांची माळ ओंवली: ‘तारा’ १६५७, ‘राल्फ डार्नेल’ १७५७, ‘सीता’ १८५७. माळ जुळावी म्हणून अफझलखानाचा प्रसंग त्यानें मागें ओढला. तो घडला १० नोव्हेंबर १६५९ रोजीं.

दोन वर्षांचा हा फरक क्षुल्लक नव्हे. १६५७ सालीं औरंगजेबानें विजापुरकरांकडून बेदर व कल्याणी घेतली. दरबार त्या संकटांत असतां जावळीवर मोठी फौज निघणें संभवत नाहीं. आमच्या किनाऱ्याच्या इतिहासाचा क्रमहि यानें बिघडतो. त्याच सालाच्या अखेरीस कल्याण-भिवंडी महाराजांच्या हातीं आली व आरमाराचा पाया पडला. मग अफझलखान, आणि १६६४ सालीं मालवणास सिंधुदुर्गाची उभारणी. समुद्राकडे वळलेली नजर खानाच्या स्वारीपूर्वींची आहे. १६५७ धरल्यास ती विजयानंतर सुचलेली ठरते.

कादंबरीकारास सन हलविण्याची मुभा आहे, संग्राहकास नाहीं. तेव्हां ‘तारा’ स्थळांसाठीं वाचावी, सनासाठीं नव्हे. एखाद्या उत्तरकालीन टिपणांत या प्रसंगास १६५७ हा सन दिलेला आढळला, तर तें दप्तरांत जमा करण्यापूर्वीं तो आंकडा कागदांतून आला कीं कादंबरींतून, हें पाहून घ्यावें.