आवृत्त्यांच्या यादीत न सापडणारी लिपी

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा इतिहास शाळेत सांगितला जातो तो बहुधा यादीच्या रूपाने. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस आली, १९८५ मध्ये पहिली विंडोज, मग विंडोज ९५, २००१ मध्ये एक्सपी, आणि पुढे आकडे वाढत जातात. यादीतील साले खरी आहेत. आमचा आक्षेप वेगळा आहे. ही यादी पाठ करून ऑपरेटिंग सिस्टिम नेमके काय करते हे विद्यार्थ्याला कळत नाही, आणि मराठी माणसाच्या वाट्याला त्यातून काय आले हेही कळत नाही. 'संगणकात मराठी अक्षर कोठे राहत होते?' एवढा एकच प्रश्न धरून हा इतिहास पुन्हा वाचला, तर दोन्ही गोष्टी उलगडतात.

ऑपरेटिंग सिस्टिम ही यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामधली व्यवस्थापक. कोणती कळ दाबली गेली ते पाहणे, फाइल जपून ठेवणे, पडद्यावर अक्षर उमटवणे, अशी सर्वांच्या गरजेची कामे ती करते. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे एक क्रमांक. पहिल्या पीसीत अक्षराला एकच बाइट मिळे, म्हणजे क्रमांक फक्त २५६. त्या अक्षरांचे आकार पडद्याच्या कार्डावरील चिपमध्ये कायमचे भरलेले असत. त्यांत देवनागरी नव्हती.

यावर भारतात निघालेला उपाय कल्पक होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान एका कार्डावर बसवण्यात आले. ते कार्ड संगणकात खोचले, की डॉसवरचे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रॅमही देवनागरी दाखवत. त्यामागचा विचार पक्का होता: क्रमांक द्यायचा तो वर्णाला, त्याच्या आकाराला नव्हे. 'इस्की' ही संकेतप्रणाली याच तत्त्वावर उभी आहे. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली. अडचण एवढीच, की कार्डासाठी वेगळे पैसे मोजावे लागत.

विंडोज आल्यावर स्वस्त वाट सापडली. रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवलेले फॉण्ट तयार झाले. त्यांचे ऋण नाकारता येणार नाही. नव्वदच्या दशकात मराठीतली कितीतरी छपाई त्यांच्यावरच झाली. परंतु शास्त्रीय दृष्टीने ही माघार होती. कागदावर 'कामठी' उमटे, पण संगणकाच्या स्मृतीत असे रोमन अक्षरांची निरर्थक रांग. शिवाय प्रत्येक फॉण्टकर्त्याची मांडणी निराळी. त्यामुळे फॉण्ट बदलला की आमच्या गावाचे नाव नाहीसे होई. शोधणे किंवा अकारविल्हे लावणे तर दूरच.

खरा बदल झाला तो फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये. तिच्या आधीच्या विंडोज एनटीने १९९३ मध्येच युनिकोड स्वीकारले होते आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. आता त्या क्रमांकांतून जोडाक्षरे घडवण्याचे कामही ऑपरेटिंग सिस्टिमने अंगावर घेतले. 'कामठी' म्हणजे २३२५, २३६६, २३५०, २३३६, २३६८. फॉण्ट कोणताही असो, हे पाच क्रमांक बदलत नाहीत. या आवृत्तीसाठी 'मंगल' हा फॉण्ट घडवला तो मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. आवृत्त्यांच्या यादीत विंडोज २००० चा उल्लेख ओझरता येतो. आमच्या मते मराठीपुरती तीच सर्वांत मोठी पायरी आहे.

तरीही हे काम पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. एक्सपीमध्ये देवनागरीची सोय बहुधा मूळ सीडी घालून वेगळी बसवावी लागे, आणि कितीतरी जण तिच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक मराठीला हवा. त्यासाठी ऱ हा निराळा वर्ण टंकावा लागतो, हे आजही अनेकांना ठाऊक नाही. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. तोपर्यंत लोक 'अ'वर चंद्र देत. दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण क्रमांक वेगळे. म्हणून 'ॲल्युमिनियम' शोधताना जुन्या पद्धतीने लिहिलेला तोच शब्द हाती लागेलच असे नाही. ल आणि श यांची मराठी वळणे तर अजूनही फॉण्टच्या मर्जीवर आहेत.

हे वर्गात दाखवणे सोपे आहे. नोटपॅडमध्ये युनिकोडने 'विदर्भ' टंका आणि बॅकस्पेसची कळ एकेकदा दाबत जा. प्रथम भ जाईल आणि त्याच्या डोक्यावरचा रफार खाली उतरून र् होईल. मग हलन्त जाईल, मग र, मग द. पुढे वेलांटी जाईल, व मागे राहील. पडद्यावर वेलांटी व च्या आधी दिसते, पण स्मृतीत ती नंतर असते. आपण बोलतो तो क्रम स्मृतीत, लिहितो तो पडद्यावर. एकातून दुसरा घडवण्याचे काम पडद्याआड चाललेले असते. दहा आवृत्त्यांची नावे पाठ करण्यापेक्षा या पाच वेळच्या कळ दाबण्यातून विद्यार्थी अधिक शिकेल.

शिक्षकांसाठी यात एक तातडीची बाबही आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि त्यापाठोपाठ पुष्कळ ठिकाणी जुने संगणक बदलले जातील. त्यांत जुन्या फॉण्टमधल्या प्रश्नपत्रिका, अहवाल, शाळेची हस्तलिखिते पडून असतील. जुने यंत्र चालू आहे तोवरच ती युनिकोडमध्ये आणून घ्यावीत. फाइल उरली आणि तो फॉण्ट हरवला, तर ती वाचणार कोण?