खाडी मागे राहते तेव्हा

केविन विल्यमसन निर्मित ‘डॉसन्स क्रीक’ ही अमेरिकन मालिका १९९८ ते २००३ या काळात प्रक्षेपित झाली. २००१ मध्ये तिच्यातील मुले केपसाइड सोडून महाविद्यालयीन जीवनात शिरली. जोई होडी वल्हवत डॉसनच्या घरी येई ती खाडी मागे राहिली, आणि कथेचा सांधाच निखळला. नवी वसतिगृहे, नवे प्राध्यापक आले. जुनी जवळीक मात्र ओढूनताणून टिकवावी लागली. तरीही दोन जागा मनाला भिडतात : वडिलांच्या अपघाती मृत्यूने खचलेला डॉसन, आणि महाविद्यालयाची पायरी न चढता बोस्टनच्या उपाहारगृहात स्वयंपाक शिकणारा पेसी. प्रौढत्व प्रवेशपत्राबरोबर हाती येत नाही, हे सत्य मालिकेला गवसले ते वर्गाबाहेरच.