प्रयोगवादाच्या चौकटीबाहेरचे मुक्तिबोध

प्रस्तावना

आधुनिक हिंदी कवितेचा इतिहास सामान्यतः भारतेंदुयुग, द्विवेदीयुग, छायावाद, प्रगतिवाद, प्रयोगवाद आणि नवी कविता या क्रमाने मांडला जातो. अध्यापनाच्या दृष्टीने हे वर्गीकरण सोयीचे आहे. तथापि मराठी मातृभाषा असलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध (१९१७-१९६४) यांच्या कवितेसंदर्भात त्याची मर्यादा उघड होते. ही मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन

अज्ञेय यांनी १९४३ मध्ये संपादित केलेल्या ‘तार सप्तक’पासून प्रयोगवादाचा आरंभ मानला जातो. त्यातील सात कवींपैकी मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठीभाषक होते. मार्क्सवादी समीक्षक रामविलास शर्मा यांचाही त्यात समावेश होता. ज्या संग्रहामुळे प्रयोगवाद रूढ झाला, त्यातच वैचारिक एकवाक्यता नव्हती, ही बाब लक्षणीय आहे.

मुक्तिबोधांच्या हयातीत त्यांचा एकही स्वतंत्र काव्यसंग्रह प्रकाशित झाला नाही. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा संग्रह १९६४ मध्ये त्यांच्या निधनानंतर आला. मधल्या एकवीस वर्षांत त्यांची कविता दीर्घ, नाट्यात्म आणि स्वप्नसदृश होत गेली. इतिहासकारांनी मात्र त्यांना १९४३ च्या खुणेपाशीच उभे केले. ‘अंधेरे में’ या दीर्घकवितेत रात्रीच्या मिरवणुकीत शहरातील प्रतिष्ठित मंडळी सत्तेच्या सोबतीने चालताना दिसतात आणि निवेदक स्वतःच्याच हरवलेल्या रूपाचा शोध घेतो. येथे प्रगतिवादाची सामाजिक जाणीव आणि प्रयोगवादाची आत्मशोधाची वृत्ती परस्परांपासून वेगळी काढता येत नाही. फँटसी हे त्यांच्या लेखी वास्तवापासून पळ काढण्याचे नव्हे, तर वास्तवाच्या तळाशी पोहोचण्याचे साधन होय.

मराठीतही याला समांतर उदाहरण आढळते. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) नंतर नवकाव्याची चर्चा रूपवादाकडे झुकली असता, मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी ‘नवी मळवाट’ (१९४९) मधून समाजपरिवर्तनाची आस असलेली नवी कविता दिली. पुढे ‘मानुषता’ हे साहित्यमूल्य मांडून त्यांनी कलामूल्य व जीवनमूल्य यांची फारकत नाकारली. एकाच घरातील दोन कवींनी दोन भाषांत ‘रूप की आशय’ हा वादच अपुरा ठरवला.

निष्कर्ष

काव्यचळवळींची नावे काळ समजण्यास उपयुक्त असली, तरी कवीचे मूल्यमापन त्यांवर सोपवता येत नाही. मुक्तिबोधांना प्रयोगवादी म्हणून शिकवले, की त्यांची राजकीय धार बोथट होते. केवळ प्रगतिवादी म्हटले, तर त्यांचा आत्मसंघर्ष निसटतो. कोल्हापूरसारख्या मराठीभाषक परिसरात हिंदी कविता अभ्यासणाऱ्यांना या दोन बंधूंचे काव्य एकत्र वाचण्याची संधी सहज उपलब्ध आहे. असे तौलनिक वाचन पाठ्यक्रमातील वर्गीकरण तपासून पाहण्याचा विश्वासार्ह मार्ग ठरेल.