क्रेनखालची मीटिंग

भोसरी एमआयडीसीतलं आमचं ऑफिस म्हणजे एक जुनं मशीन शॉप. उघड्या विटा, छताला लोखंडी कैच्या, वर पिवळी क्रेन आणि तिचा हूक थेट मीटिंगच्या टेबलावर लोंबणारा. जॉइन झालो तेव्हा पहिला फोटो मी त्या हुकाखालीच काढला होता.

फॅमिली डेला बाबा आले. ते ३० वर्षं भोसरीतच टर्नर होते. आत शिरले आणि आपोआप फरशीवरच्या दोन पिवळ्या पट्ट्यांमधून चालू लागले. शॉपमध्ये माणसांनी पट्ट्यांच्या आतून चालायचं असतं, बाहेर मशिनं आणि माल. आमचे पट्टे इंटिरिअरवाल्यांनी शोभेसाठी मारलेत. ते बीन बॅगपाशी संपतात. बाबा तिथे थांबले, वर बघितलं आणि म्हणाले, "हूक माणसांच्या डोक्यावर ठेवत नाहीत रे. काम झालं की वर घेऊन बाजूला लावतात."

तेव्हापासून मी हे ऑफिस नीट बघतोय. छत करवतीच्या दात्यांसारखं आहे. दात्यांची उभी बाजू काचेची, तोंड उत्तरेला. तिकडून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, सारखा उजेड येतो. लेथवरच्या माणसाला मायक्रोमीटरची रेघ नीट दिसावी, हा त्यामागचा विचार. आमच्याकडे स्क्रीनवर चमक येते म्हणून त्या काचा काळ्या रंगवल्यात. पडद्यांनी भागलं असतं. आता भर दुपारी दिवे लावून बसतो. गरम हवा वरून निघून जावी म्हणून शेड उंच बांधली होती. आम्ही वरच्या झडपा बंद करून एसी लावले. पत्र्याखाली प्रत्येकाचा कॉल घुमतो, म्हणून सगळ्यांच्या कानावर हेडफोन.

शेड बांधणाऱ्याने विचारलं होतं, इथे काम कोण करणार? इंटिरिअर करणाऱ्याने विचारलं, फोटोत कसं दिसेल?

जागेचं काम बदलण्यात गैर काही नाही. बजाजने २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं आणि २०२२ मध्ये तिथेच इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना सुरू केला. पण नवं काम आलं की माणसांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. मुंबईत कमला मिल्सच्या आवारात गिरणी जाऊन ऑफिसं आणि पब आले. २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत तिथे १४ जण गेले. हिशेब चुकला की काय होतं, ते तिथे दिसलं.

आमच्या ऑफिसने कारखान्याचं लोखंड जपलं, त्यातली काळजी काढून टाकली. आणि काळजी हीच त्या इमारतीतली सगळ्यात चांगली डिझाइन होती.

मी ॲडमिनला मेल केला: हूक बाजूला घ्या, काचा घासा. उत्तर आलं, हूक ही आपली ओळख आहे.

मीटिंगला मी आता टेबलाच्या टोकाला बसतो.