हलगीचा फोटो आणि हलगीवाल्याचे नाव

रस्त्यावर वाजवून-गाऊन पोट भरणाऱ्या माणसांच्या छायाचित्रांचे एक प्रदर्शन मध्यंतरी पाहिले. पोतराज होता, वासुदेव होता, नंदीबैलवाला होता, वरातीतले बँडवाले होते. छायाचित्रकाराचा हात तयार आहे, प्रकाशाची जाण आहे, हे आधीच मान्य करतो. पण एका फोटोपुढे मी अडलो. फोटोत एक हलगी होती. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लांब काडी. उडालेली धूळ, तिच्यातून आलेले संध्याकाळचे ऊन. वाजवणाऱ्याचा चेहरा मात्र हनुवटीवरच कापलेला. खाली एकच शब्द : 'लय'. आणि त्याखाली किंमत.

त्याच इमारतीच्या जिन्यात मैफलीतल्या गवयांचे जुने फोटो टांगलेले आहेत. प्रत्येकाखाली नाव आहे, घराणे आहे, गुरूचेही नाव आहे. वर दालनात गेले की वाद्य उरते, हात उरतात, माणूस नाहीसा होतो. जिन्याच्या खाली आणि वर असा हा भेद कुणी मुद्दाम केला, असे मी म्हणत नाही. मुद्दाम न करताही तो होतो, हेच जास्त गंभीर आहे.

यावर कलावादी मंडळी म्हणतील, फोटोचे मूल्य नावावर ठरत नाही. ठीक आहे. मग या प्रकारातला जगभर नावाजलेला एक फोटो घेऊ. आन्द्रे कर्तेश या हंगेरियन छायाचित्रकाराने १९२१ साली अबोनी या गावात एका फिरत्या व्हायोलिनवाल्याचा फोटो काढला. कच्चा रस्ता. आंधळा वादक वाजवत चालला आहे. शेजारी त्याला वाट दाखवणारा अनवाणी मुलगा. मागे रस्त्यातच एक लहान मूल. कर्तेशने इथे काहीही कापलेले नाही. वादक पुरा आहे, पोरगा पुरा आहे, रस्ताही आहे. ही वाट रोजची आहे आणि बापाच्या वयाच्या माणसाचे डोळे त्या पोराला व्हावे लागले आहे, हे फोटो न बोलता सांगतो. करुणेचे प्रदर्शन नाही, आणि 'लय' असले शीर्षकही नाही.

फ्रेंच समीक्षक रोलां बार्त यांनी छायाचित्रणावरच्या १९८० सालच्या आपल्या पुस्तकात या फोटोविषयी लिहिले आहे. त्यांच्या मनाला भिडला तो मातीचा रस्ता. हंगेरी-रुमानियात पूर्वी पाहिलेली गावे त्यांना त्यात ओळखू आली. प्रवाशाला रस्ता ओळखीचा वाटणार, हे स्वाभाविकच आहे. माझी नजर मात्र पोराच्या पायांवर गेली. ते पाय मला ओळखीचे होते.

हा वादक जिप्सी, म्हणजे रोमा, म्हणून ओळखला जातो. रोमांची भाषा मूळची आपल्याकडची, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. पाण्याला ते पानीच म्हणतात, नाकाला नाक, माणसाला मनुष. शेकडो वर्षे युरोपात राहूनही ते गावाबाहेरचेच राहिले. रुमानियाच्या मुलखात तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते कायद्याने गुलाम होते. त्यांचे व्हायोलिन गावाला लग्नात हवे होते, ते मात्र शेजारी नको होते. हे आम्हाला नव्याने समजावून सांगायला नको. पाणी हा शब्द ज्यांच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही आहे, त्यातल्या आम्हाला त्याच पाण्यासाठी १९२७ साली महाडला जावे लागले.

आणि तरी, इतक्या मोठ्या फोटोतही वादकाचे नाव नाही. कर्तेश स्वतः ज्यू. १९२५ मध्ये पॅरिसला आणि १९३६ मध्ये अमेरिकेत गेला, म्हणून वाचला. १९४४ साली हंगेरीतल्या लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांत धाडले गेले. रोमांचाही संहार झाला. रस्त्यावरचा तो पोरगा तेव्हा ऐन तिशीत असेल. त्याचे काय झाले? नाव नसल्यामुळे हा प्रश्न कुठे विचारायचा, तेही कळत नाही. नाव ही शोभेची गोष्ट नव्हे. नाव असले तर माणसाचा हिशेब मागता येतो.

माझे आजोबा हलगी वाजवत. कातडे जाळावर तापवून ताणून घेतले की ती बोलू लागे. वाजवायची ती पाटलाच्या वरातीपुढे, जत्रेत, मयतीपुढे. बोलावणे आले की जायचे; नाही म्हणण्याची सोय नव्हती. १९५६ नंतर गावकीच्या कामांबरोबर त्यांनी हलगीही सोडली. आजी सांगे, हलगी खुंटीवर गेली त्या वर्षी घरात धान्य कमी आले, पण म्हातारा ताठ चालू लागला. पुढे १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्याच पोरांनी ती खुंटीवरून काढली. तेच कडे, तोच ठेका. पण एक ठेका हुकमाचा होता आणि दुसरा स्वतःचा. 'लय' हा शब्द हे दोन्ही ठेके एक करून टाकतो. वाजवायला कुणी बोलावले, हातावर काय टेकवले, तो मनाने आला होता काय, हे प्रश्न कलेच्या बाहेरचे नाहीत. त्या फोटोचा अर्थच त्यांच्यात आहे.

आणखी एक गोष्ट. त्या प्रदर्शनात सगळे होते, पण रस्त्यावर उभा राहून गाणारा आंबेडकरी शाहीर नव्हता. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या वाटेवर तो कॅमेऱ्याला न दिसणे अवघड आहे. पण त्याच्याकडे शब्द असतात, आणि ते शब्द फोटो विकत घेणाऱ्यालाही जाब विचारतात. पोतराजाचा आसूड भिंतीवर शोभतो. शाहिराचा सवाल शोभत नाही.

कॅमेऱ्याला हे जमतच नाही, असेही नाही. शाहीर विलास घोगरे आनंद पटवर्धन यांच्या १९८५ सालच्या 'हमारा शहर'मध्ये गाताना दिसतात. जुलै १९९७ मध्ये रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगऱ्यांनी जीवन संपवले. पटवर्धनांचा कॅमेरा त्यांच्या मागे राहिलेल्या प्रश्नाचा माग काढत चौदा वर्षे फिरला आणि २०११ मध्ये 'जय भीम कॉम्रेड' आला. त्या चित्रपटातल्या मांडणीशी मतभेद असू शकतात. पण तिथे गाणाऱ्याला चेहरा आहे, नाव आहे, शब्द आहेत, आणि त्याच्या मरणाचा जाबही विचारलेला आहे.

दालनातून निघताना तिथल्या मुलाला मी विचारले, हा हलगीवाला कोण? तो अदबीने म्हणाला, छायाचित्रकाराचे नाव खाली लिहिले आहे, साहेब.