आवृत्ती-नियंत्रणाचे नियम आणि ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी : एक चिकित्सा

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्पात सहभागी होणाऱ्यांसाठी आवृत्ती-नियंत्रणाची जी मार्गदर्शक तत्त्वे दिलेली असतात, ती केवळ यांत्रिक शिस्त म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. एका नोंदीत एकच बदल करावा, त्याचे कारण लिहावे, आपले नाव घालावे, सर्वांच्या हाती गेलेला इतिहास मागाहून बदलू नये, असे हे नियम होत. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ते पाठ करून घेतले जातात आणि बहुधा तेथेच सोडले जातात. वास्तविक ज्या प्रश्नातून हे नियम निर्माण झाले, तो प्रश्न अहिल्यानगर जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासाला नवा नाही. अनेक हातांतून गेलेल्या संहितेत कोणी, केव्हा आणि कशासाठी फेरफार केला हे कसे ओळखावे, हा तो प्रश्न होय.

प्रवरेकाठच्या नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ग्रंथाच्या अखेरीस स्थळ आणि काळ यांच्यासह सच्चिदानंदबाबांचा 'लेखकु' म्हणून उल्लेख येतो. येथे 'लेखकु' म्हणजे लिहून घेणारा, ग्रंथकर्ता ज्ञानदेवच. हा भेद आजच्या वाचकाला किरकोळ वाटेल. परंतु २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी निर्माण केलेली 'गिट' ही प्रणालीही प्रत्येक नोंदीत बदल रचणाऱ्याचे आणि तो भांडारात दाखल करणाऱ्याचे नाव स्वतंत्रपणे ठेवते. श्रेय एकाचे आणि दाखल करण्याची जबाबदारी दुसऱ्याची असू शकते, हे तत्त्व दोन्हीकडे मान्य झालेले दिसते.

पुढील तीन शतकांत पोथ्यांच्या नकला वाढल्या आणि नकलांबरोबर पाठभेदही वाढले. शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी संहिता शुद्ध केली. त्यांनी ग्रंथाअखेरीस जोडलेल्या ओव्यांत शुद्धीचा काळ आहे, स्वतःचे नाव आहे आणि कारणही आहे : मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांमुळे तो अशुद्ध झाला. यापुढे कोणी पदरची ओवी घातल्यास ती अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी ठरेल, असा कडक इशाराही त्यांनी दिला. योगदानासंबंधी इतका स्पष्ट नियम मराठीत याहून जुना क्वचितच आढळेल.

मात्र या शुद्धीत एक उणीव राहिली आणि ती आदरापोटी झाकण्याचे कारण नाही. कोणत्या पोथ्या ताडून पाहिल्या, कोणत्या ओव्या गाळल्या, कोणता शब्द काढून कोणता ठेवला, याचा तपशील एकनाथांनी मागे ठेवलेला नाही. निकाल उपलब्ध आहे, पुरावा नाही. त्या काळी अशी अपेक्षाही कोणी केली नसती. परंतु परिणाम दूरवर गेला. १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली आणि त्या पोथीच्या प्राचीनत्वाविषयी वाद उत्पन्न झाला. एकनाथांनी बदललेले पाठ जुन्या पाठांशेजारी नोंदलेले असते, तर या वादाला निदान पक्की भूमी लाभली असती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत हीच दक्षता घेतलेली आहे. तेथे न स्वीकारलेला पाठ नाहीसा होत नाही, तो पानाच्या तळाशी राहतो. संपादकाचा निर्णय अमान्य करण्याची सोय त्याच पानावर आहे.

गिटने हे काम यंत्राकडे सोपवले. प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या आशयावरून आणि आधीच्या नोंदीच्या ओळखीवरून काढली जाते. त्यामुळे जुन्या नोंदीत अक्षर बदलले, तर पुढच्या सर्व नोंदींची ओळख बदलते आणि इतरांकडील प्रतींशी ताडताच फेरफार उघडा पडतो. शिवाय मूळ शाखा रक्षकांच्या हाती ठेवूनही कोणालाही स्वतंत्र शाखा काढण्याची मुभा आहे. नरोटी वेगळ्या ताटात ठेवता येते, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि यंत्र 'काय बदलले' एवढेच सांगते. 'का' हे माणसानेच लिहावे लागते. लिनक्सच्या नियमावलीत म्हणूनच आधी अडचण कोणती होती ते सांगा, असा आग्रह आहे. २००४ पासून प्रत्येक बदलाखाली स्वाक्षरीची ओळही मागितली जाते. हा बदल देण्याचा अधिकार आपणास आहे, अशी ती ग्वाही असते. याउलट, पाठवण्यापूर्वी अनेक नोंदी एकत्र करून इतिहास स्वच्छ करण्याचा सल्ला काही प्रकल्प देतात. वाचणाऱ्याची त्यात सोय आहे, हे खरे. पण चुकलेली वाट आणि ती सोडण्याचे कारण त्यात पुसले जाते, आणि एकनाथी शुद्धीतील उणीव नव्या वेषात परत येते. या सल्ल्याचा तोल नियमावल्यांनी पुरेसा विचारात घेतलेला नाही.

महाविद्यालयीन प्रकल्पांत तर आदल्या रात्री सारे काम एकाच नोंदीत ओतून तिच्यापुढे 'दुरुस्ती' एवढाच शब्द लिहिलेला आढळतो. चौघांच्या गटात कोणी काय केले, हे मग परीक्षकाला तोंडी परीक्षेतच शोधावे लागते. एकनाथांच्या ओव्यांत काळ, नाव आणि कारण तरी आहे.